देहाचे स्वभाव आणि तरुणांची लाज
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात तरुण सभासद व पालक यांच्यापुढे दिलेले भाषण)

सभागृहाच्या मागील रांगांत, दाराजवळ, केव्हाही उठून जाता येईल अशा बेताने बसलेले माझे तरुण मित्र,

चिटणिसांनी मला पत्र धाडून ‘आजच्या तरुणांपुढील प्रश्न’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. हा विषय इतका विस्तीर्ण आहे की त्यावर काहीही बोलले तरी खपते, आणि म्हणूनच बहुधा काहीच बोलले जात नाही. मी त्यातील एक लहानसा, कित्येकांना क्षुद्र वाटेल असा कोपरा निवडला आहे. विशी-पंचविशीतील तरुणाचे शरीर भलत्या वेळी, त्याची इच्छा नसताना, त्याला न विचारता काहीतरी करून बसते. तळहात घामाने भिजतात, बोटे कापतात, कान तापतात, घसा कोरडा पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि ज्यांचा उच्चार चारचौघांत होत नाही अशाही काही गोष्टी घडतात. या सर्वांची जी लाज तरुण मनुष्य मुकाट्याने वाहत असतो, तिच्याविषयी मला आज बोलावयाचे आहे.

हा विषय मी हौसेने घेतलेला नाही. मागील वर्षीच्या आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यात नावे पुकारण्याचे काम माझ्याकडे होते. एका मुलाचे नाव मी तीन वेळा पुकारले. मुलगा सुशिक्षित, नोकरीस लागलेला. तो व्यासपीठावर आला नाही. काही वेळाने मी बाहेर गेलो, तो मंगल कार्यालयाच्या मागील बाजूस, जेथे भांडी घासण्याचे काम चालते तेथील पायरीवर तो बसलेला दिसला. समोर वडील उभे होते, आणि भांडी घासणाऱ्या बायांच्या देखत ते त्याला म्हणत होते, “पाच वाक्ये बोलायला एवढा घाम फुटतो? माझी मान खाली घातलीस.” मुलाच्या हातातील परिचयाचा कागद इतका भिजला होता की त्यावरील अक्षरे पसरून गेली होती. त्या दिवसापासून तो मंडळाच्या कोणत्याही कार्यास आलेला नाही. आजही आलेला नाही. त्याच्या घरी जाऊन, त्याची अनुमती घेऊन, दोन-चार तपशील बदलून मी ही हकीकत आपणांस सांगत आहे. वडिलांचीही अनुमती घेतली आहे. ती मिळण्यास किंचित अधिक वेळ लागला.

त्या दिवशी मी त्या मुलाच्या शेजारी पायरीवर जाऊन बसलो. याचे कारण असे की अशाच एका पायरीवर मीही पूर्वी बसलेलो आहे.

सन १९७८ ची गोष्ट. माझी नोकरी सातारा जिल्ह्यातील एका लहान गावच्या द्विशिक्षकी शाळेवर होती. वय एकवीस. तपासणीस आलेले साहेब, ज्यांना खेड्यातील माणसे त्या काळीही ‘दिपोटी’ म्हणत, खुर्ची ओढून वर्गाच्या मागे बसले आणि मला फळ्यावर भागाकाराचे एक उदाहरण सोडवून दाखवावयास त्यांनी सांगितले. खडू फळ्यास टेकताच माझा हात कापू लागला. सहाचा आकडा नऊसारखा उमटला, रेघ नागमोडी गेली, आणि खडू मोडून खाली पडला. पुढील रांगेतील एका पोराने निर्मळ कुतूहलाने विचारले, “गुरुजी, थंडी वाजतीया का?” वर्ग हसला, साहेबही हसले. शेरेबुकात ‘फळ्यावरील हस्ताक्षर सुधारावे’ असा शेरा पडला. शेरा सौम्य होता, पण ते हसणे पुढे कितीतरी रात्री माझ्या कानांत होते.

त्याच वर्षी आमचे थोरले मामा मला एके ठिकाणी मुलगी दाखविण्यास घेऊन गेले. पोहे झाले, चहा आला. कप-बशी हातात घेताच तो कप त्या बशीवर असा काही वाजू लागला की माजघरातील माणसे डोकावून पाहू लागली. मुलीचे काका माझ्या चेहऱ्याकडे न पाहता माझ्या बशीकडेच पाहत होते. आठवड्याने मध्यस्थाकरवी निरोप आला, “मुलगा पितो काय?” आमच्या घरी तीन पिढ्यांत दारूला कोणी शिवलेले नव्हते. आमच्या मातोश्री त्या निरोपानंतर दोन दिवस धड जेवल्या नाहीत. ते स्थळ अर्थातच फिसकटले.

यानंतर मी जे केले ते आज मला त्या कापण्याहून अधिक लाजिरवाणे वाटते. मी लपावयास लागलो. तळहातांस पावडर चोळावी, हात खिशात ठेवावा, नमस्कारास नुसती मान हलवावी, हजेरीपट कोणाच्या देखत लिहू नये, असे नाना प्रकार मी केले. आणि सर्वांत मोठा प्रकार म्हणजे कोणाच्याही घरी चहा घेणे मी बंद केले. ‘पित्त होते’ ही सबब सोयीची होती. एकट्या मास्तराने पित्ताची सबब सांगितली तर कोणाचे काय बिघडते, असे मला वाटे. परंतु खेड्यात गुरुजींनी चहा नाकारणे ही काही साधी गोष्ट नसते. एके दिवशी पटनोंदणीसाठी मी एका वस्तीवर गेलो असता, माझ्या एका विद्यार्थ्याचे वृद्ध आजोबा मला तोंडावर म्हणाले, “गुरुजी, पाटलाच्या वाड्यावर तुमी जाता, आमच्याकडं बी येता. च्या मातुर घेत न्हाई. आमच्या हातचा चालत न्हाई जणू?”

सभ्य गृहस्थहो, त्या एका प्रश्नाने माझ्या अंगाचे पाणी पाणी झाले. माझ्या हाताच्या कापण्याने कोणाचे कसलेही नुकसान झालेले नव्हते. पण ते लपविण्याच्या माझ्या खटाटोपाने एका घराचा अपमान झाला होता, आणि तोही अशा रीतीचा की ज्याची या देशात फार जुनी जखम आहे. मी काही न बोलता खिशातून हात काढला आणि त्यांच्यापुढे धरला. तो कापत होताच. म्हटले, “आजोबा, कप वाजतो. लोक हसतात. म्हणून घेत नाही.” म्हातारबाबांनी क्षणभर हाताकडे पाहिले, घरात वळून सुनेला हाक मारली आणि म्हणाले, “अगं, बशी नगं. पेल्यात आण, अर्धाच.” मग मला म्हणाले, “दोनी हातानं धरा.” मी दोन्ही हातांनी पेला धरून तो चहा प्यालो. पेला काही वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी मुलांना सांगितले, “माझा हात कधी कधी कापतो. फळ्यावरचा आकडा कळला नाही तर बिनदिक्कत विचारा.” दोन दिवस पोरांनी माझा हात निरखून पाहिला. तिसऱ्या दिवशी गावात दरवेशी आला, आणि माझ्या हाताचा विषय कायमचा मागे पडला. नवलाची गोष्ट अशी की लपविण्याचे ओझे उतरल्यावर कापणेही पुष्कळ कमी झाले. पूर्ण गेले असे नाही. आजही हे कागद मी मेजावर ठेवून वाचतो आहे, हातात धरलेले नाहीत, हे पुढच्या रांगेतील मंडळींच्या ध्यानात आलेच असेल.

असे का होते? मी मॅट्रिक झालेला साधा शिक्षक आहे, डॉक्टर नव्हे. निवृत्तीनंतर जे वाचले आणि जाणत्या डॉक्टरांकडून तपासून घेतले तेवढेच सांगतो. आपल्या शरीरात दोन प्रकारचे कारभार चालतात. हात उचलणे, पाऊल टाकणे, बोलणे हा कारभार आपल्या हुकमाने चालतो. हृदयाचे ठोके, घाम, रक्तवाहिन्यांचे आकुंचन-प्रसरण, लाळ, पचन हा कारभार स्वायत्त मज्जासंस्थेकडे असतो, आणि ती आपला हुकूम थेट मानीत नाही. तिच्या दोन शाखा आहेत. अनुकंपी शाखा संकटाच्या वेळी धावपळ उडविते, आणि परानुकंपी शाखा विसाव्याच्या वेळी घडी बसविते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून भयप्रसंगी अ‍ॅड्रेनॅलिन हे द्रव्य रक्तात उतरते. त्याने ठोके वाढतात, स्नायू ताणले जातात आणि बोटे थरथरतात. ही सिद्धता वाघ समोर आला तर पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी आहे. शरीरास वाघ आणि दिपोटी यांतील भेद कळत नाही, इतकाच काय तो घोटाळा.

मनुष्याच्या अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात, आणि तळहात व तळपाय येथे त्यांची दाटी फार. बाकीच्या अंगाचा घाम मुख्यत्वे उष्णतेने येतो. तळहाताचा घाम मात्र मनाच्या हालचालीने येतो. पौषाच्या थंडीतही मुलाखतीच्या दाराशी उभ्या असलेल्या उमेदवाराचे हात भिजतात ते याच कारणाने. आता, शरीर हुकूम मानीत नाही हे ठाऊक नसल्यामुळे तरुण मनुष्य त्याला हुकूम सोडीत राहतो, ‘कापू नकोस, भिजू नकोस’. या हुकमाचे भय नवे, म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन आणखी. चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने १८७२ साली मनोविकारांच्या शारीरिक आविष्कारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात लज्जेने चेहरा लाल होण्यावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. इतर लोक आपल्याविषयी काय विचार करीत असतील या विचाराने ती लाली येते, असे त्याचे म्हणणे. आपल्या सावळ्या वर्णावर ती लाली फारशी दिसत नाही, ही आपणांवर निसर्गाची कृपा. पण कान तापतात ते आपले आपल्याला कळतात.

या क्रियांना आपल्या पूर्वजांनी कोणते नाव दिले होते, हे मला मुद्दाम सांगावयाचे आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. स्तंभ म्हणजे ताठरून जाणे, स्वेद म्हणजे घाम, रोमांच, स्वरभंग, वेपथु म्हणजे कंप, वैवर्ण्य म्हणजे चेहऱ्याचा रंग उडणे, अश्रू, आणि प्रलय म्हणजे भान हरपणे. हात हलविण्याचा किंवा भुवई उंचावण्याचा अभिनय कोणीही शिकून करील. पण हे आठ भाव मन एकाग्र झाल्यावाचून नटास आणता येत नाहीत, म्हणून त्यांची योग्यता निराळी. आणि कीर्तनात बुवा सांगतात ना, की नामस्मरणात संतांचे अष्टसात्त्विक भाव दाटून आले? तेव्हा आपण भक्तिभावाने माना डोलावतो. तोच स्वेद आणि तोच वेपथु आपल्या मुलाला नोकरीच्या मुलाखतीत झाला, तर घरी येऊन त्याला ‘घाबरट’ म्हणतो. संताची भावावस्था आणि उमेदवाराची भीती एक नव्हेत, हे मी जाणतो. पण शरीराची भाषा तीच आहे, आणि ज्या देहातून ती उमटते तो लबाड नाही, एवढे तरी मानावे.

भगवद्गीतेचा पहिला अध्याय आपल्यापैकी पुष्कळांच्या पाठांतरात असेल. रणांगणावर अर्जुनाची गात्रे गळाली, तोंडास कोरड पडली, अंगास कंप सुटला, रोम उभे राहिले, त्वचेचा दाह होऊ लागला आणि हातातून गांडीव गळून पडू लागले. माझ्या हातून खडू पडला, त्याच्या हातून गांडीव. येथे कोणी म्हणेल, गुरुजी, पण भगवंतांनी त्याला या दुबळेपणाबद्दल फटकारलेच की! फटकारले खरे. परंतु ते शस्त्र टाकून बसण्याच्या विचाराबद्दल होते. ‘तुझा हात का कापतो’ असा प्रश्न अठरा अध्यायांत कोठेही नाही.

आणि अलीकडचा, आपल्या मुंबईतलाच दाखला पाहा. बॅरिस्टर होऊन १८९१ साली परतलेले मोहनदास गांधी मुंबईच्या लघुवाद न्यायालयात आपला पहिला खटला चालविण्यास उभे राहिले. उलटतपासणीसाठी ते उठले मात्र, डोके गरगरू लागले, न्यायालय फिरते आहे असे वाटले, एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, पक्षकाराच्या माणसास दुसरा वकील करण्यास त्यांनी सांगितले आणि घेतलेले तीस रुपये परत देऊन टाकले. तत्पूर्वी इंग्लंडात व्हेंटनर येथे शाकाहारी मंडळींच्या सभेत फुलस्केपच्या एका पानाएवढे भाषण त्यांना वाचता आले नाही. दृष्टी अंधुक झाली, अंग थरथरले, आणि ते भाषण दुसऱ्याने वाचले. हे सारे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. कोणी उघडकीस आणलेले नाही.

आता मी त्या विषयाकडे येतो, ज्यासाठी मागील रांगा इतका वेळ शांत बसल्या आहेत. भगिनींनी मला क्षमा करावी. किंबहुना क्षमा मागण्याचेही कारण नाही, कारण मुलगे त्यांचेच आहेत.

तरुण पुरुषाच्या जननेंद्रियास कोणताही विकार मनात नसताना, एस.टी.च्या हादऱ्याने, कपड्याच्या घर्षणाने, किंवा अगदी निष्कारणच उत्थान येते. भरल्या बसमधून उतरावयाच्या वेळी, पोहण्याच्या तलावावर, वैद्यकीय तपासणीच्या रांगेत तरुणावर हा प्रसंग येतो आणि त्याला धरणी पोटात घेईल तर बरे असे होते. झोपेतही स्वप्नांचा टप्पा साधारण दर दीड तासाने येतो, आणि त्या त्या वेळी, म्हणजे रात्रीतून तीन ते पाच वेळा, निरोगी पुरुषाच्या देहात ही क्रिया आपोआप घडते. पहाटे जाग येते ती पुष्कळदा अशा टप्प्यातून. म्हणून सकाळी तसे आढळते. ते निरोगीपणाचे लक्षण होय. यातून चारित्र्याचा काहीएक निष्कर्ष निघत नाही.

दुसरी गोष्ट झोपेत होणाऱ्या वीर्यस्खलनाची. तिला आपण ‘स्वप्नदोष’ म्हणतो, आणि त्या शब्दातील ‘दोष’ या दोन अक्षरांनी जेवढे तरुण पोखरले आहेत तेवढे कोणत्याही रोगाने पोखरले नसतील. चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब होतो, तो गेला की आयुष्य गेले, असे ऐकून मुले मोठी होतात. मग थकवा आला, अभ्यासात लक्ष लागेना, कंबर दुखली, की त्याचे कारण तेच. वस्तुस्थिती अशी की हे द्रव्य मुख्यतः वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींत सतत तयार होत असते, रक्त आटवून होत नाही. एका वेळी ते चहाच्या चमच्याएवढेही बहुधा नसते, आणि गेल्याने शक्तिपात होत नाही. ही भीती मात्र खरोखरीच मनुष्यास आजारी करते. डॉक्टर नरेंद्रनाथ विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञाने १९६० साली या भीतीपोटी होणाऱ्या दुखण्यास ‘धात’ या आपल्याच शब्दावरून नाव दिले, आणि जगातील मानसोपचाराच्या ग्रंथांत ते नाव आज आढळते.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने, नोकरी लागल्यावरच्या पहिल्या वर्षातील सारी शिल्लक, या भयाने एका तंबूतील वैदूच्या पायी घातली. चूर्ण, भस्म, तेल, पुन्हा चूर्ण. त्याने लग्नास नकार दिला तेव्हा घरच्यांनी त्याचे कोठेतरी प्रेम असावे असा तर्क केला. तो एका रात्री माझ्याकडे आला आणि म्हणाला, “गुरुजी, मी कोणाच्या मुलीचे वाटोळे करणार नाही, आणि असे जगण्यातही अर्थ नाही.” हे वाक्य ऐकून मी त्याला त्या रात्री एकटे जाऊ दिले नाही. दुसऱ्या दिवशी दोघेही जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी त्याला तपासले, पंधरा मिनिटे नीट समजावून सांगितले, आणि त्याच्या उदासीनतेवर काही महिने उपचार केले. आज त्याचा मुलगा कॉलेजात आहे. वैदूचे पैसे परत मिळाले नाहीत.

असल्या औषधांच्या जाहिरातींस मनाई करणारा कायदा आपल्या देशात १९५४ सालापासून आहे. तरी रेल्वेमार्गाच्या कडेच्या भिंती आणि मुताऱ्यांचे दरवाजे वाचावेत, म्हणजे कायद्याची काय मात्रा चालते ते दिसेल. या विषयाचे खरे ज्ञान मराठीत कोणी सांगितलेच नाही असेही नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७ साली सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. त्या गृहस्थाने नव्वद वर्षांपूर्वी छापून सांगितले ते आम्ही शिक्षकांनी वर्गात सांगितले नाही. त्या धड्याच्या वेळी ‘घरी वाचा’ असे सांगून पान उलटणाऱ्यांपैकी मी स्वतः एक आहे.

तरुण मित्रांनो, आता तुम्हांस उपयोगी पडेल असे काही सांगतो. हात कापत असेल तर हात हवेत अधांतरी धरू नका. कोपर मेजास टेकवा, कोपराला आधार मिळाला की बोटे निवतात. भरलेला कप घेऊ नका, अर्धा मागा, दोन्ही हात लावा. श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ लावा. चार मोजून घ्यावा, सहा-आठ मोजून सोडावा, पाच-सात वेळा. हृदयावर थेट हुकूम चालत नसला तरी श्वासाच्या मागील दाराने तेथे थोडे जाता येते. घाम पुसावयाचा तर उघड रुमाल काढून पुसा; चोरून पॅन्टला पुसलेला हात लोकांच्या अधिक डोळ्यांत भरतो. आणि शक्य असेल तेथे आधीच सांगून टाका. ‘मी जरा घाबरलो आहे, माझा हात ओला आहे’ या एका वाक्याने समोरच्या माणसाचे तर्क थांबतात. नको तेथे उत्थान आले तर दचकून हातांनी झाकू नका, तेणेकरून लक्ष वेधते. बसलेले असाल तर बसून राहा, मांडीवर पिशवी घ्या, मांड्यांचे स्नायू आवळून धरा, मनात सतराचा पाढा उलटा म्हणा; काही मिनिटांत ओसरते. (सतराचा पाढा सरळही येत नाही असे म्हणणारे पुष्कळ निघतील. मग तर आणखी चांगले, मन अधिक गुंतेल.)

रक्त पाहून भोवळ येणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. आपल्या रक्तदान शिबिरात एक चांगला धिप्पाड तरुण सुई पाहताच पडला आणि त्याचे ‘पैलवान’ असे टोपणनाव पडले. या प्रकारात ठोके मंदावतात आणि रक्तदाब एकाएकी उतरतो. मनाच्या कणखरपणाशी त्याचा संबंध नाही. अशा मनुष्याने रक्तदानापूर्वी दोन-तीन पेले पाणी प्यावे, आणि सुईच्या वेळी पायांचे व पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळावे, थोडे सैल सोडावे, पुन्हा आवळावे. पडलाच तर त्याला आडवा ठेवून पाय उंच करावे. कांदा हुंगवीत बसू नये.

एक इशारा मात्र कळकळीने देतो. हात स्थिर राहावा म्हणून ‘थोडीशी’ घेण्याचा सल्ला देणारे मित्र भेटतात. काही प्रकारच्या कंपावर दारूने खरोखरीच तासभर उतार पडतो, आणि तोच तिचा सापळा आहे. उतरल्यावर कंप दुणावतो. मला तो सल्ला मिळाला होता. मुलीकडच्यांचा तो निरोप खोटा होता. मी सल्ला ऐकला असता तर तो खरा झाला असता.

डॉक्टरांकडे केव्हा जावे? कंप सदाच असेल, वजन घटत असेल, ठोके जोराने पडत असतील, तर कंठातील थायरॉइड ग्रंथीची तपासणी करून घ्यावी. कित्येक घराण्यांत कंप आनुवंशिकही असतो, आणि त्याला औषध आहे. रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, सोबत ताप आणि खोकला असेल, तर क्षयाची तपासणी करावी. तळहाताच्या अति घामासाठी लावावयाची औषधे आहेत, सौम्य विद्युत्प्रवाहाचे उपचारही आहेत. शस्त्रक्रियाही करतात, पण तीनंतर पुष्कळांना पाठीस-पोटास घाम वाढतो, म्हणून ती घाईने करू नये. हृदयाची धडधड व कंप रोखणारी प्रोप्रानोलॉल नावाची गोळी काही वादक कार्यक्रमापूर्वी घेतात. दम्याच्या रोग्यास ती घातक ठरते, सबब डॉक्टरांवाचून तिला हात लावू नये. आणि वेदनेसह उत्थान चार तासांवर टिकले तर लाज बाजूस ठेवून त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. विलंबाने कायमची हानी होते.

पालकांशी दोन शब्द बोलून मी थांबतो. आपल्या घरांत मुलाच्या अशा प्रसंगाची गोष्ट करून सांगण्याची मोठी हौस असते. ‘अहो, बोलायला उभा राहिला आणि असा कापत होता’ असे म्हणून आपण हात हलवून दाखवितो, पाहुणे हसतात, मुलगाही हसतो. तो हसतो म्हणजे त्याला चालते असा आपला समज होतो. मी स्वतः तपासणीची ती गोष्ट सांगून पंधरा वर्षे लोकांना हसविले. कोणी दुसऱ्याने सांगण्याआधी आपण सांगावी, एवढाच त्यात हेतू होता. अंथरुणावरील डागाबद्दल मुलास सुनेच्या, बहिणीच्या देखत बोलू नये. तो स्वतः चादर धुऊ लागला तर ‘आज काय विशेष’ असे विचारू नये.

कार्यकारी मंडळापुढे माझी एक लेखी सूचना आहे. येत्या वधू-वर मेळाव्यात मुलामुलींना ध्वनिक्षेपकापुढे एकटे उभे करण्याऐवजी मेज आणि दोन खुर्च्या ठेवाव्या; ज्याला उभे राहावयाचे असेल त्याने उभे राहावे, ज्याला बसून बोलावयाचे असेल त्याने बसावे, आणि ज्याला मुळीच बोलावयाचे नसेल त्याचा परिचय दुसऱ्या कोणी वाचावा. खर्च काहीच नाही, खुर्च्या कार्यालयाच्याच आहेत. पाणी पेल्यात अर्धेच भरून ठेवावे.

त्या पायरीवरील मुलास ही सूचना मी दाखविली आहे. बसून बोलता येणार असेल तर विचार करीन, असे तो म्हणाला. ‘येईन’ असे म्हणालेला नाही. त्याचा परिचयाचा कागद मात्र त्याने माझ्याकडे दिला आहे, आणि तो मी बाजारपेठेतील दुकानातून प्लॅस्टिकमध्ये मढवून घेतला आहे.